आधी आवड, मग निवड

दरवर्षी १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन २०१५ सालापासून या नावाने पाळला जाऊ लागला. त्या दिवशी शाळाशाळांतून ग्रंथपूजन होते, पुस्तकांची मांडणी होते, पाहुण्यांची भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी मात्र पुष्कळ ठिकाणी पुस्तके पुन्हा कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागते. मग ‘हल्लीची मुले वाचतच नाहीत’ ही तक्रार वर्षभर शिक्षकांच्या, पालकांच्या आणि व्याख्यात्यांच्या तोंडी राहते. ही तक्रार खोटी नाही. पण ती अर्धीच आहे. मुलांनी काय वाचावे याची यादी मोठ्या माणसांकडे तयार असते. मुलांना काय वाचावेसे वाटते, हा प्रश्न त्यांना विचारण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाची कारणे शोधताना या न विचारलेल्या प्रश्नापासून आरंभ करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

या दृष्टीने सोलापूर शहराच्या पूर्व भागातील भवानी पेठेकडे पाहण्यासारखे आहे. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती, मराठा वस्ती अशा वस्त्या पोटात घेऊन ही पेठ पसरली आहे. यंत्रमागांचा खडखडाट हा या परिसराचा जुना सोबती. काही पिढ्यांपूर्वी तेलंगणातून पोटापाण्यासाठी आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या या भागाला त्याचा उद्योग दिला, नारळी पौर्णिमेचा श्री मार्कंडेय रथोत्सव दिला आणि तेलुगू भाषेची गोडीही दिली. एका घरात तेलुगू, शेजारी कानडी, पलीकडे उर्दू आणि बाजारात मराठी, असा येथला नित्याचा व्यवहार आहे. घरातला कर्ता पुरुष मागावर आणि गृहिणी दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेली, हे येथल्या कष्टकरी संसाराचे रूप. अशा घरातले मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच दोन-तीन भाषा कानाने शिकलेले असते. भाषेचे दारिद्र्य त्याच्या वाट्याला आलेले नाही. तथापि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्याला परक्या गावासारखी वाटते. पुस्तक म्हणजे धडा, धडा म्हणजे प्रश्नोत्तरे आणि प्रश्नोत्तरे म्हणजे परीक्षा, अशी साखळी त्याच्या मनात पहिल्या दोन-तीन वर्षांतच घट्ट होते. एकदा ती घट्ट झाली, की पुस्तकाविषयीची ओढ निर्माण होण्याआधीच धास्ती निर्माण होते.

वास्तविक या मुलांना कुतूहल नाही असे कोण म्हणेल? क्रिकेटच्या सामन्यातील धावा, बळी आणि चेंडू यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, गड्ड्यावर पाळणे आणि दुकाने लागतात, तेव्हा या मुलांच्या प्रश्नांना अंत नसतो. दिवाळीत मातीचा किल्ला करताना बुरूज कोठे, तट कोठे आणि महाराजांचे सिंहासन कोठे, यावर त्यांचे तासन्‌तास वाद चालतात. पतंगाचा मांजा, कबुतरांच्या जाती, तेलुगू चित्रपटातील नायकाचे पराक्रम, बापाच्या मागावर धोटा नेमका कसा धावतो आणि चादरीवर मोर कसा उमटतो, यांपैकी कोणत्याही विषयावर हे मूल अर्धा तास न थांबता बोलू शकते. तेच मूल वर्गात चार ओळी वाचताना अडखळते. या दोन दृश्यांमधील अंतर बुद्धीचे नाही. पहिल्या दृश्यात विषय त्याचा स्वतःचा आहे, दुसऱ्यात तो दुसऱ्या कोणीतरी नेमून दिलेला आहे.

येथे समाजातील सुजाण, संस्कारप्रिय वर्गानेही थोडे आत्मपरीक्षण केले पाहिजे. मुलांच्या हाती चांगले पुस्तक पडावे, त्यातून थोरामोठ्यांची ओळख व्हावी, चारित्र्य घडावे, ही इच्छा सर्वथा योग्य आहे. परंतु ही इच्छा पुष्कळदा औषधाच्या मात्रेसारखी मुलांच्या गळी उतरवली जाते. बक्षीस समारंभात चरित्रमालेतील तेच ते पुस्तक मिळते, त्यावर संस्थेचा शिक्का असतो आणि ते घरी फळीवर जाऊन पडते. जे मूल वाचते, त्याला पुस्तक मिटताच ‘यातून काय बोध घेतलास?’ असा प्रश्न ऐकावा लागतो. बोध असा मागून मिळत नाही. गोष्ट मनात मुरली की तो आपोआप उतरतो आणि कित्येकदा त्याची जाणीव वीस वर्षांनी होते. संस्काराचे बीज पेरायचे असेल, तर आधी जमीन ओली असावी लागते. वाचनाची गोडी ही ती ओल होय.

भारतीय परंपरेला हे शहाणपण नवे नाही. पंचतंत्राची कथाच मुळी येथून सुरू होते. अमरशक्ती राजाचे तीन पुत्र अभ्यासाला विटलेले. शास्त्रांचे पाठ त्यांच्यापुढे निष्फळ ठरलेले. विष्णुशर्म्याने त्यांना राजनीतीचे सूत्रपाठ दिले नाहीत. सिंह आणि बैल, कावळे आणि घुबडे, माकड आणि मगर यांच्या गोष्टी सांगितल्या आणि त्या गोष्टींतून राजनीती शिकवली. मुलांना प्राणी आवडतात, एवढ्या साध्या निरीक्षणावर उभा राहिलेला हा ग्रंथ पुढे जगातील कितीतरी भाषांत गेला. आधुनिक काळात गिजुभाई बधेका यांनी हीच वाट पुन्हा मोकळी केली. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक वर्गात पाऊल ठेवतो, तो पुस्तके उघडायला न सांगता गोष्ट सांगू लागतो आणि गोष्टीच्या ओढीने मुले हळूहळू पुस्तकांपर्यंत जातात. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी आणि पुढे अनुताई वाघ यांनी हा विचार महाराष्ट्रात रुजवला, बोर्डी आणि कोसबाडच्या वनवासी पाड्यांपर्यंत नेला.

याचेच एक ठळक उदाहरण अनंत पै यांचे. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांविषयी उत्तरे देता आली, पण श्रीरामांच्या मातेचे नाव सांगता आले नाही, हे त्यांनी पाहिले. अशा प्रसंगी नव्या पिढीला दूषणे देऊन मोकळे होणे सोपे होते. पै यांनी तसे केले नाही. मुलांना चित्रकथा आवडतात, परदेशी नायकांच्या चित्रकथा ती हातोहात वाचतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तोच साचा घेतला आणि त्यात रामायण, महाभारत, पुराणे, संत आणि वीरपुरुष यांच्या कथा भरल्या. त्याच वर्षी ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. चित्रकथा म्हणजे वाचनाचा अपमान, असे मानणारे शिक्षक त्या काळी पुष्कळ होते. परंतु पुढच्या दोन पिढ्यांतील असंख्य भारतीयांना आपल्या पूर्वजांची पहिली ओळख या पातळ, रंगीत पुस्तिकांनीच करून दिली. पै यांनी आशयाशी तडजोड केली नाही आणि मुलांच्या आवडीशी वैरही धरले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

भवानी पेठेच्या संदर्भात तर ‘चांदोबा’ची कहाणी विशेष बोलकी आहे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून जुलै १९४७ मध्ये ‘चंदमामा’ मासिक तेलुगू आणि तमीळ भाषांत सुरू केले. १९५२ साली त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघाली. विक्रम आणि वेताळाची ती संपता न संपणारी मालिका, चित्रकार शंकर यांनी काढलेला खांद्यावर प्रेत घेतलेला राजा, राक्षस, राजकन्या आणि चतुर लाकूडतोडे. तेच चित्र, तीच कथा, फक्त लिपी वेगळी. तेलुगू घरातील आजोबा जी गोष्ट तेलुगूत वाचत, तीच नातवाला मराठीत वाचता येण्याची सोय या मासिकाने करून ठेवली होती. आकाशातील चंद्र दोन्ही भाषांत मुलांचा मामाच आहे आणि पुस्तकाला दोन्ही भाषांत पुस्तकच म्हणतात. गोष्ट ओळखीची असली, की लिपीचा आणि भाषेचा उंबरठा मूल सहज ओलांडते. ‘चांदोबा’ २०१३च्या सुमारास बंद पडला आणि हा पूलही नाहीसा झाला. त्याची जागा भरून काढणे हे आजचे काम आहे.

ओढ माणसाला किती लांब नेऊ शकते, याचा दाखला शोधायला सोलापूरकरांना परगावी जाण्याची गरज नाही. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरातच जन्मले. घरची भाषा तेलुगू, परिस्थिती साधी. रानाचे आणि पाखरांचे पहिले धडे त्यांना आईकडून मिळाले. आईच्या बोलण्यातून, मामाबरोबरच्या भटकंतीतून रान त्यांच्या मनात शिरले. ते रान त्यांना वनखात्यात घेऊन गेले. कर्नाळा, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट अशा अरण्यांत त्यांचे आयुष्य गेले आणि त्या आयुष्यातून ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘चकवाचांदण’ अशी पुस्तके मराठीला मिळाली. तेलुगू घरातून आलेल्या या लेखकाने मराठीला पाखरांची आणि वृक्षांची भाषा दिली. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे नेटके शब्द त्यांनी रूढ केले.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की ही पाखरांची ओढ त्यांना संस्कृतपर्यंत घेऊन गेली. आपल्या पूर्वजांनी पशुपक्ष्यांविषयी काय लिहून ठेवले आहे, हे जाणण्यासाठी त्यांनी जुन्या ग्रंथांचा अभ्यास केला आणि हंसदेवाचे ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आणले. संस्कृतची थोरवी ऐकवून किती मुलांना संस्कृतची गोडी लागली असेल, हे सांगता येत नाही; पाखराच्या मागे लागून मात्र एक मूल संस्कृतच्या दारापर्यंत पोहोचले. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. याच शहरातील लक्ष्मीनारायण बोल्ली हेही तेलुगू मातृभाषेचे आणि विणकर समाजातले. त्यांनी मराठी कविता लिहिली, तेलुगू आणि मराठी यांच्यात साहित्याची देवघेव केली आणि आपल्या आत्मचरित्राला ‘एका साळियाने’ असे नाव दिले. पूर्व भागातील मुलांपुढे आदर्श ठेवायचे असतील, तर ते इतके जवळ आहेत. प्रश्न एवढाच आहे, की आज पाखरांमागे धावणाऱ्या मुलाच्या हाती पाखरांचे पुस्तक कोण देणार?

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. वाचनाच्या अभ्यासकांनीही तिची पडताळणी केली आहे. अमेरिकेत १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन संशोधिकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळातील एका डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले आणि वाचनात पक्की, पण बेसबॉल न जाणणारी मुले यांची तुलना केली, तेव्हा तो मजकूर खेळ जाणणाऱ्या ‘कच्च्या’ मुलांनाच अधिक चांगला समजलेला आढळला. कारण उघड आहे. विषय परिचयाचा असला, की अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भाने लागतो, वाक्य अर्धे वाचताच पुढचे मनात उभे राहते आणि अडखळणे कमी होते. अडखळणे कमी झाले, की मूल अधिक वाचते आणि अधिक वाचले, की वाचन सुधारते. भवानी पेठेतील ‘ढ’ ठरवलेल्या मुलाला क्रिकेटच्या सामन्याचा वृत्तांत द्यावा आणि त्याचे वाचन ऐकावे. शिक्षकाला आपले मत बदलावे लागण्याची शक्यता बरीच आहे.

आवडीच्या विषयापासून निघालेली वाट मुलाला कोठवर नेईल, याची कल्पना मोठ्यांना असते तेवढी तोकडी ती वाट नसते. मागाचेच उदाहरण घ्यावे. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जॅकार्डच्या मागावर विणली जाते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते. जेथे छिद्र, तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे छिद्र नाही, तेथे तो खाली राहतो आणि त्यातून नक्षी उमटते. फ्रान्सच्या जोसेफ जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही युक्ती सिद्ध केली. तीच युक्ती पाहून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रात छिद्रांचे पत्ते वापरण्याचे योजले आणि पुढे पहिल्या संगणकांना माहिती पुरवली गेली ती अशाच पत्त्यांवरून. बाप ज्या मागावर घाम गाळतो, तो माग संगणकाचा पूर्वज आहे, हे एका पुस्तकातून समजलेल्या मुलाच्या मनात विज्ञानाविषयी आणि बापाच्या श्रमाविषयी एकाच वेळी जो आदर निर्माण होईल, तो कोणत्या प्रवचनाने निर्माण होणार?

क्रिकेटचेही तसेच. कसोटी सामन्यात द्विशतक काढणारे पहिले भारतीय पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले आणि ते द्विशतक त्यांनी १९५५ साली हैदराबादेत काढले, एवढे सांगितले तरी तेलुगू भाषक सोलापूरकर मुलाचे कान टवकारतील. त्या एका नोंदीतून खेळाडूंची चरित्रे, चरित्रांतून देशाचा इतिहास, अशी पायरीपायरीने वाट चढता येते. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलाला आधी दुर्गांच्या चित्रांचे पुस्तक द्यावे; तटबंदी, माची, बालेकिल्ला हे शब्द त्याच्या ओठी आले, की शिवचरित्र तो स्वतः मागून घेईल. पाखरे पाहणाऱ्या मुलाला एकदा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात न्यावे. १९७९ साली ज्याच्यासाठी हे अभयारण्य घोषित झाले, तो माळढोक आता जवळजवळ दिसेनासा का झाला, हा प्रश्न त्याला पुस्तकाकडे खेचून आणील. फास्टर फेणेचा जन्मदाता भा. रा. भागवत यांनीही मुलांच्या साहसाच्या वेडाला नावे ठेवली नाहीत. त्या वेडालाच त्यांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेच्या रूपाने मराठमोळे घर दिले.

यावर काही आक्षेप घेतले जातात. मुलांच्या आवडीवर सोडले, तर ती चित्रपट आणि भ्रमणध्वनीवरील खेळ यांपलीकडे जाणारच नाहीत, हा पहिला आक्षेप. तो निराधार नाही. मात्र आवडीपासून आरंभ करणे आणि आवडीतच मुलाला सोडून देणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. आवड हा उंबरठा आहे. घरात नेण्याचे काम मोठ्यांनाच करावे लागते. चित्रपटातील योद्ध्यावर भाळलेल्या मुलाला काकतीयांच्या ओरुगल्लूची, राणी रुद्रमादेवीची किंवा विजयनगरच्या कृष्णदेवरायाची गोष्ट पुढे करण्याचे भान त्यासाठी हवे. निवड शिकवावी लागते हे खरेच; पण ज्याला आवडच नाही, त्याला निवड कशातून करायला शिकवणार? दुसरा आक्षेप पैशाचा. मजुरीवर चालणाऱ्या घरात पुस्तक विकत घेणे ही चैन आहे, हे कोणी नाकारणार नाही. तिसरा आक्षेप असा, की ज्या घरी आईवडिलांनाच वाचता येत नाही, तेथे मुलाला कोण वाचून दाखवणार? या दोन आक्षेपांना उत्तर द्यायचे, तर समाजालाच पुढे यावे लागेल.

या कामाची निकड किती आहे, हे ‘असर’च्या पाहणीवरून दिसते. २०२४च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे तेवीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला; पाचवीतही हे प्रमाण शंभरात पंचेचाळीसच्या आसपास होते. ही पाहणी शहरांतील नाही. परंतु शहरांतील कष्टकऱ्यांच्या वस्त्यांना तिच्यातून दिलासा मिळण्यासारखे काही नाही. ज्या मुलाला पाचवीत सलग वाचता येत नाही, त्याला आठवीत इतिहास, विज्ञान किंवा गणिताचे उदाहरणही वाचता येत नाही. मग शाळा नकोशी होते आणि दहावीच्या आतच मुलगा मागाकडे, मुलगी विडीच्या सुपाकडे वळते. कष्ट करण्यात कमीपणा नाही. पण ती वाट निवडलेली असावी. दुसरी वाट वाचता न आल्यामुळे पदरी पडलेली नसावी. भवानी पेठेतील वाचनाचा प्रश्न असा थेट भाकरीच्या प्रश्नाला जाऊन भिडतो.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बरेचसे अल्प खर्चाचे आहे. शाळांनी पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप काढावे आणि पुस्तक फाटले तरी चालेल, असे मुलांना सांगावे. न फाटलेले, न वाचलेले पुस्तक ही शाळेची मिळकत नाही. नवी खरेदी करण्यापूर्वी मुलांकडून त्यांच्या आवडीचे पाच-पाच विषय लिहून घ्यावेत आणि त्यानुसार यादी करावी. १९६७च्या ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान घेणाऱ्या वाचनालयांनी बालविभाग मुलांच्या वेळेत, म्हणजे शाळा सुटल्यावर आणि रविवारी, उघडा ठेवावा. गणेशोत्सव मंडळांनी आणि रथोत्सवात उत्साहाने भाग घेणाऱ्या तरुणांनी वर्गणीचा थोडा भाग गल्लीतील एका पुस्तकपेटीसाठी काढावा. पेटीत मराठीबरोबर तेलुगू, कानडी पुस्तकेही असावीत. कारण मातृभाषेत वाचू लागलेले मूल दुसऱ्या भाषेतही लवकर वाचू लागते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा परिसरभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे, त्यामागेही हीच दृष्टी आहे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आज संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दूत वाचता येते. ज्या भ्रमणध्वनीची सर्वांना भीती वाटते, तोच अशा रीतीने ‘चांदोबा’चे काम करू शकतो; फक्त शेजारी वडीलधारे कोणीतरी बसलेले हवे.

आणि वाचता न येणाऱ्या आईचे काय? क्यूबामध्ये १८६५च्या सुमारापासून सिगार वळणाऱ्या कामगारांपुढे बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचणारा वाचक नेमण्याची प्रथा पडली; त्याचा मोबदला कामगार आपल्या मजुरीतून देत. केरळात कण्णूरच्या बाजूच्या विडी कारखान्यांतही एकाने वाचायचे आणि इतरांनी त्याच्या वाटणीच्या विड्या वळून द्यायच्या, अशी रीत होती. हात कामात आणि कान गोष्टीत, हे विडीच्या व्यवसायाला साधणारे आहे. भवानी पेठेत विड्या घरोघरी, दारादारांत वळल्या जातात. संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलीने किंवा मुलाने आईच्या आणि शेजारणींच्या घोळक्यात बसून आपल्या आवडीचे पुस्तक अर्धा तास मोठ्याने वाचावे. सुपाला हात लावू नये, पुस्तकालाच लावावा. वाचणाऱ्याला श्रोते मिळतील, श्रोत्यांना गोष्ट मिळेल आणि आईला आपल्या लेकराच्या मुखातून मराठी पुस्तक ऐकण्याचा आनंद मिळेल. निरक्षर आईला मुलाला वाचून दाखवता येत नसेल. पण त्याचे वाचन ऐकून घेण्याची आणि ‘पुढे काय झाले रे?’ असे विचारण्याची पात्रता तिच्यात पुरेपूर आहे. मुलाला पुढचे पान उलटायला लावण्यासाठी तेवढा प्रश्न पुरेसा असतो.

चितमपल्लींच्या आईने त्यांना पाखरे दाखवली. त्या पाखरांमागून पुस्तके आली, पुस्तकांमागून भाषा आल्या आणि अखेर एका तेलुगू घरातील मुलाने मराठी शारदेचे दालन समृद्ध केले. आजही त्या पेठेत मागाच्या खडखडाटात, गच्चीवर पतंग उडवताना, गल्लीत चेंडू फळी खेळताना अशी कितीतरी मुले आपापल्या वेडात रमलेली आहेत. त्यांचे वेड ओळखून त्या वेडाचे एक पुस्तक त्यांच्या हाती देणे, एवढे पहिले पाऊल प्रत्येक घराला, प्रत्येक शाळेला आणि प्रत्येक मंडळाला उचलता येण्यासारखे आहे. पुढची वाट मूल आपल्या पायांनी चालेल. पुढचा वाचन प्रेरणा दिन येईल, तेव्हा शाळेच्या मांडणीतील पुस्तके जरा मळलेली, कोपरे दुमडलेली आणि हाताळून सैल झालेली दिसावीत. सरस्वतीचे तेच खरे पूजन होय.